दुपारी आणि पावसाळ्यात चढणारे खोटे काउंट: सिलिकॉन डिटेक्टरची साखळी कुठून तपासायची

किरणोत्सार मोजणाऱ्या सिलिकॉन डिटेक्टरबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. सकाळी सगळं ठीक, दुपारी बारानंतर काउंट (मोजलेल्या पल्सची संख्या) चढायला लागतात, संध्याकाळी आपोआप उतरतात. जूनमध्ये हवा दमट झाली की मग सकाळपासूनच चढलेले. किरणोत्सारी सोर्स शिशाच्या डब्यात बंद आहे, जवळपास दुसरं काहीही किरणोत्सारी नाही, तरी काउंटर सेकंदाला चाळीस-पन्नास दाखवतो. बहुतेक ठिकाणी मग कुणीतरी थ्रेशोल्डचा (ज्याहून लहान पल्स मोजले जात नाहीत त्या मर्यादेचा) स्क्रू थोडा फिरवतं, काउंट गप्प होतात, प्रॅक्टिकल पुढे चालू होतं. पुढच्या महिन्यात तोच प्रकार पुन्हा.

थ्रेशोल्ड वाढवणं हा यावरचा उपाय नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. अमेरिशियम-241 चा 59.5 केईव्हीचा (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) गॅमा 300 मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमध्ये शंभरात जेमतेम एखादाच पूर्ण शोषला जातो. सीझियम-137 चा 662 केईव्हीचा गॅमा तर जवळपास कधीच पूर्ण ऊर्जा सोडत नाही. त्याचे कॉम्प्टन इलेक्ट्रॉन (गॅमाच्या टकरीने उडालेले) पातळ सिलिकॉनमधून बाहेर निसटतात आणि बरेचसे पल्स लहानच राहतात. म्हणजे थ्रेशोल्ड वर नेला की नॉइजबरोबर खरे काउंटही कापले जातात, आणि किती कापले गेले ते कुणालाच कळत नाही. मोजमापाच्या यंत्राला असं अर्धवट आंधळं करून ठेवणं मला मान्य नाही. नॉइज का वाढला ते शोधा, तिथेच तो कमी करा.

पुढचं सगळं दोन प्रकारच्या मांडणीला धरून आहे. एक, बीपीडब्ल्यू-34 सारखा स्वस्त पिन फोटोडायोड, साडेसात चौरस मिलिमीटरचा, नऊ व्होल्टच्या तीन-चार बॅटऱ्यांच्या बायसवर (डायोडला उलट दिशेने दिलेल्या व्होल्टेजवर). दोन, हामामात्सूच्या एस-3590 सारखा 1 चौरस सेंटिमीटरचा डायोड, साधारण 70 व्होल्ट बायसवर. दोन्हींच्या मागे चार्ज सेन्सिटिव्ह प्रीॲम्प (चार्जचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा), त्यामागे शेपर (पल्सला ठरावीक आकार देऊन नॉइज गाळणारा), शेवटी कम्पॅरेटर (पल्सची थ्रेशोल्डशी तुलना करणारा) आणि काउंटर.

आधी आकडे डोळ्यांसमोर ठेवू, म्हणजे किती लहान गोष्टीशी गाठ आहे ते कळेल. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-होलची एक जोडी तयार व्हायला सरासरी 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. 59.5 केईव्हीच्या एका फोटॉनमधून साधारण साडेसोळा हजार जोड्या निघतात, म्हणजे 2.6 फेम्टोकुलोम. प्रीॲम्पचा फीडबॅक कपॅसिटर 1 पिकोफॅरडचा असेल तर बाहेर फक्त 2.6 मिलिव्होल्टची पायरी येते. त्याच सोर्सचा 5.486 एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) अल्फा पंधरा लाख जोड्या देतो, त्यामुळे अल्फा मोजणाऱ्यांना हा त्रास फार उशिरा जाणवतो आणि गॅमावाल्यांना लगेच.

दुपारी एकदम उडी का बसते

'तापमान तर चार-पाच डिग्रीच वाढलं, काउंट शंभरपट कसे झाले?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर समजलं की अर्धं काम होतं.

उलट बायस दिलेल्या डायोडमधून थोडा लीकेज करंट सतत वाहत असतो. खोलीच्या तापमानाजवळ तो दर 8 डिग्रीला साधारण दुप्पट होतो. या करंटचा शॉट नॉइज (इलेक्ट्रॉन एकसारखे न येता अनियमित येतात म्हणून होणारा) शेपरमधून बाहेर पडतो. शेपिंग टाइम (शेपरच्या पल्सची रुंदी ठरवणारा काळ) 1 मायक्रोसेकंद आणि साधा सीआर-आरसी शेपर धरला तर 1 नॅनोअँपिअर लीकेजमुळे सुमारे 110 इलेक्ट्रॉन आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) नॉइज येतो, 10 नॅनोअँपिअरमुळे सुमारे 350. सिलिकॉनच्या भाषेत हे 350 इलेक्ट्रॉन म्हणजे जवळजवळ 3 केईव्हीची रुंदी. म्हणजे नॉइज करंटच्या वर्गमुळाने वाढतो, सावकाश.

पण थ्रेशोल्ड ओलांडणारे नॉइज पल्स सावकाश वाढत नाहीत. नॉइजच्या वितरणाची शेपटी फार झपाट्याने उतरते. याच शेपरला थ्रेशोल्ड आरएमएस नॉइजच्या पाचपट ठेवला तर दोन सेकंदांत एखादा खोटा काउंट येतो. तोच थ्रेशोल्ड जागेवर ठेवून नॉइज फक्त सव्वापट झाला, म्हणजे थ्रेशोल्ड आता नॉइजच्या चौपट उरला, की खोटे काउंट सेकंदाला अठ्ठेचाळीसच्या आसपास जातात. नव्वदपट! आणि लीकेजच वरचढ असलेल्या बोर्डावर नॉइज सव्वापट व्हायला पाच डिग्री पुरतात. एप्रिलमधली दुपार तेवढं सहज करते. त्यामुळे काउंट शंभरपट झाले म्हणून काहीतरी मोठं बिघडलंय असं समजू नका. बिघाड बहुधा लहान असतो, फक्त तुमचा थ्रेशोल्ड काठावर बसलेला असतो.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. डायोड थेट प्रीॲम्पच्या इनपुटला जोडलेला असेल तर सगळा लीकेज करंट फीडबॅक रेझिस्टरमधून जातो. 100 मेगओहमच्या रेझिस्टरवर 10 नॅनोअँपिअर म्हणजे 1 व्होल्ट, 40 नॅनोअँपिअर म्हणजे 4 व्होल्ट. नऊ व्होल्टच्या एका बॅटरीवर, मधल्या साडेचार व्होल्टला बसवलेला प्रीॲम्प तिथे जवळजवळ भिंतीला टेकतो. मग काउंट आधी चढतात आणि एका क्षणी एकदम शून्य होतात. लोकांना वाटतं, सुटलो, शांत झालं. प्रत्यक्षात यंत्र आता काहीच ऐकत नाही. काउंट वाढून शून्यावर आले असतील तर सगळ्यात आधी प्रीॲम्पच्या आउटपुटचा डीसी व्होल्टेज मोजा.

साखळी मधोमध तोडा

काहीही बदलण्याआधी डायोड काढा आणि त्याच्या जागी तेवढ्याच कपॅसिटीचा चांगला कपॅसिटर लावा. एस-3590 साठी साधारण 40 पिकोफॅरड. बीपीडब्ल्यू-34 ची कपॅसिटी शून्य व्होल्टला 70 आणि 3 व्होल्टला 25 पिकोफॅरडच्या आसपास असते, जास्त बायसवर आणखी कमी. तिथे 15 ते 20 पिकोफॅरड पुरे. कपॅसिटर सी-झीरो-जी किंवा एनपी-झीरो जातीचा घ्या. डबा बंद करा आणि शेपरच्या आउटपुटचा आरएमएस नॉइज ऑसिलोस्कोपवर पाहा.

नॉइज पडला तर दोष डायोडमध्ये, त्याच्या बायसमध्ये किंवा त्याच्याभोवतीच्या बोर्डात. नॉइज तसाच राहिला तर डायोड निर्दोष आहे, प्रीॲम्प किंवा बाहेरचा काहीतरी त्रास आहे. एवढ्या एका चाचणीने कितीतरी चांगले डायोड कचऱ्यात जाण्यापासून वाचतात. 'सर, डायोडच गेलाय, नवीन मागवू का?' हे वाक्य या चाचणीआधी कुणी उच्चारू नये असं माझं मत आहे.

शेपिंग टाइम बदलता येत असेल तर आणखी एक चांगली खूण मिळते. शेपिंग टाइम वाढवल्यावर नॉइज वाढला तर तो समांतर जातीचा: लीकेज करंट किंवा कमी ओहमचे बायस आणि फीडबॅक रेझिस्टर. शेपिंग टाइम कमी केल्यावर वाढला तर मालिका जातीचा: जास्त कपॅसिटी, प्रीॲम्पमधल्या पहिल्या एफईटी ट्रान्झिस्टरचा स्वतःचा नॉइज, किंवा डायोडपर्यंतची लांब केबल. दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड भर घालणारी केबल डायोड आणि प्रीॲम्पच्या मध्ये असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. प्रीॲम्प उचलून डायोडशेजारी बसवा. आणि शेपिंग टाइम कसाही फिरवला तरी फारसा फरक पडत नसेल तर बाहेरून येणाऱ्या त्रासाकडे वळा.

लीकेज मोजायचा कसा

बायस रेझिस्टरवर थेट मल्टिमीटर लावणं ही नेहमीची फसगत आहे. मीटरचा स्वतःचा रोध 10 मेगओहम, तुमचा बायस रेझिस्टरही 10 मेगओहम. वाचन निम्मं येतं आणि लीकेज कमी आहे असं वाटतं. त्यापेक्षा बायसच्या पुरवठ्यातून येणाऱ्या तारेत, फिल्टर कपॅसिटरच्या पुढे, 1 मेगओहमचा रेझिस्टर कायमचा टाकून ठेवा. 10 नॅनोअँपिअरला त्यावर 10 मिलिव्होल्ट पडतात आणि साधा मल्टिमीटर 200 मिलिव्होल्टच्या रेंजवर दहाव्या मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो, म्हणजे नॅनोअँपिअरच्या दहाव्या भागापर्यंत. मीटरमुळे दहा टक्के चूक येते, ती इथे चालते. मात्र त्या रेझिस्टरच्या पुढे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नसावा. त्याचा स्वतःचा लीकेज मायक्रोअँपिअरमध्ये जाऊ शकतो, आणि तुम्ही डायोडच्या नावाने त्याचाच हिशेब लिहीत बसाल. तिथे फिल्म कपॅसिटर हवा.

बीपीडब्ल्यू-34 च्या डेटाशीटमध्ये 10 व्होल्टला डार्क करंट (अंधारातला लीकेज) 2 नॅनोअँपिअर हा नेहमीचा आकडा आहे आणि 30 ही कमाल मर्यादा. दोन्हींमध्ये पंधरापट अंतर आहे, हे लक्षात ठेवा.

आता कळीची गोष्ट. वाढलेला लीकेज सिलिकॉनच्या पोटातून येतोय की पृष्ठभागावरून, बोर्डावरून? दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पोटातला करंट बायसबरोबर सावकाश वाढतो आणि डायोड पूर्ण डिप्लीट झाला (आत विजेचे मोकळे वाहक उरले नाहीत) की जवळपास थांबतो. बोर्डावरून झिरपणारा करंट ओहमच्या नियमाने सरळ वाढत जातो, बायस दुप्पट केला की तोही दुप्पट. शिवाय तो स्थिर नसतो, बायस दिल्यावर मिनिटभर सरकत राहतो.

त्याहून सोपी कसोटी हेअर ड्रायरची. बायस चालू ठेवून, मीटरवर नजर ठेवून बोर्डावर कोमट हवा सोडा, लांबून, प्लास्टिक मऊ होणार नाही इतपत. दोष सिलिकॉनच्या पोटात असेल तर करंट चढेल. दोष ओलाव्याचा असेल तर करंट उतरेल. एकाच कृतीला दोन आजार विरुद्ध दिशेने उत्तर देतात, म्हणून ही चाचणी मला फार आवडते. उघड्या डायोडवर उजेड पडतो, त्यामुळे हे अंधाऱ्या खोलीत करा किंवा डायोडवर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी घाला, फॉइल पिनांना टेकणार नाही हे पाहून.

एका महाविद्यालयातून दुरुस्तीला आलेला बोर्ड मला अजून आठवतो. डायोडच्या दोन पिनांमध्ये भिंगातून पाहिलं तर फ्लक्सचा पिवळट, किंचित चिकट थर होता, आणि त्यावर धुळीची बारीक कड. पिनांचं अंतर पाच मिलिमीटर, मध्ये 36 व्होल्ट. श्वास सोडला की मीटरवरचा आकडा वर उडायचा आणि हळूहळू खाली यायचा. डायोड तसूभरही बिघडलेला नव्हता.

हिशेब साधा आहे. 100 व्होल्ट आणि 10 गिगओहम म्हणजे 10 नॅनोअँपिअर. स्वच्छ, कोरड्या फायबरग्लास बोर्डाचा रोध याच्या कितीतरी वर असतो. पण फ्लक्सचा थर, बोटाचा घाम आणि मुंबई-कोकणातली जुलैची हवा एकत्र आली की तो इथवर घसरायला वेळ लागत नाही. 'नो-क्लीन' असं लिहिलेला फ्लक्स डिजिटल बोर्डावर खरंच धुवावा लागत नाही. इथे तो धुवावाच लागतो.

धुण्याची पद्धत: बायस बंद, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो 99 टक्क्यांचं, आणि मऊ ब्रश. घासा, आणि महत्त्वाचं म्हणजे विरघळलेला फ्लक्स स्वच्छ अल्कोहोलने वाहून जाऊ द्या, नाहीतर तो फक्त पसरतो. दुसऱ्यांदा ताज्या अल्कोहोलने. मग कोमट हवेने तासभर वाळवा. उघड्या पृष्ठभागाच्या डायोडला, सरफेस बॅरिअर डिटेक्टरला तर मुळीच, ब्रश लावू नका. त्याची सोन्याची पापुद्र्यासारखी खिडकी बोटानेही निघते. हा सगळा खटाटोप फक्त बोर्डासाठी आणि प्लास्टिकमध्ये बंद असलेल्या डायोडसाठी. धुतल्यावर इनपुटच्या जागेला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही.

पूर्ण वाळल्यावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओलावा अडवणारा पातळ लेप) द्या. उलट क्रम केलात तर ओलावा आत कोंडला जातो आणि मग तो निघता निघत नाही. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बदला किंवा तापवून पुन्हा कोरडी करा. एसीच्या खोलीतून दमट व्हरांड्यात आणलेला डबा लगेच उघडू नका, आत दव धरतं. पेल्टिअर (विजेवर थंड होणारी चकती) लावून डायोड थंड करायचा विचार उत्तम आहे, 8 डिग्री उतरवले की लीकेज निम्मा. पण डबा हवाबंद आणि आतली हवा कोरडी नसेल तर थंड डायोडवर पाणी जमून आहे ते बिघडेल.

प्रीॲम्पच्या फीडबॅक रेझिस्टरलाही हाच रोग होतो. तो पाहायला मीटर नको, ऑसिलोस्कोपवर टेस्ट पल्सची शेपटी पाहा. 100 मेगओहम आणि 1 पिकोफॅरड म्हणजे 100 मायक्रोसेकंदांत पल्स एक-तृतीयांशाच्या थोडा वर उतरला पाहिजे. शेपटी 60 मायक्रोसेकंदांची दिसली तर रेझिस्टरला समांतर 150 मेगओहमची वाट कुठूनतरी तयार झालेली आहे. तो रेझिस्टर आणि त्याच्या खालची जागा धुवा.

उजेड: काळी टेप पुरत नाही

दुपारचे काउंट तापमानामुळेच असतात असं नाही. दुपारी खिडकीतून ऊनही येतं. फोटोडायोड हा मुळात उजेड पकडायला बनवलेला. 1 लक्स उजेडाला बीपीडब्ल्यू-34 मधून सुमारे 70-80 नॅनोअँपिअर करंट निघतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास, म्हणजे तेवढ्यानेही 20 नॅनोअँपिअरच्या घरात करंट वाहतो. प्रयोगशाळेच्या उजेडातून त्याचा काही हजारावा भागसुद्धा आत शिरता कामा नये.

इथे बहुतेक जण मोबाइलची टॉर्च डब्याच्या सांध्यांवरून फिरवतात, काउंट हलत नाहीत आणि उजेडाचा संशय पुसून टाकतात. हे अपुरं आहे. मोबाइलच्या पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळजवळ नसतो, आणि सिलिकॉन सगळ्यात संवेदनशील असतो तो 900 ते 950 नॅनोमीटरजवळ. काळी इन्सुलेशन टेप, काळं प्लास्टिक, काळा रंग यांतले बरेच प्रकार डोळ्यांना अपारदर्शक असतात पण इन्फ्रारेड खुशाल आत सोडतात. ज्या डायोडच्या कवचालाच काळा डेलाइट फिल्टर असतो, तोही दिसणारा उजेड अडवतो आणि इन्फ्रारेड मुद्दाम आत घेतो.

म्हणून टीव्हीचा रिमोट घ्या. तो 940 नॅनोमीटरजवळच्या इन्फ्रारेडवर, बहुधा 38 किलोहर्ट्झच्या ठोक्याने चालतो. डब्याच्या प्रत्येक बाजूला रोखून बटण दाबा आणि शेपरच्या आउटपुटकडे पाहा. जिथे लहर दिसेल तिथे गळती आहे. बोर्डाची मागची बाजू विसरू नका: हिरवा फायबरग्लास बोर्ड पारभासक असतो, त्याच्या आरपार उजेड थेट डायोडच्या पाठीला पोहोचतो. त्या भागात तांब्याचा पूर्ण थर असावा किंवा मागे धातूचा पत्रा. समोरची खिडकी ॲल्युमिनियमची हवी. स्वयंपाकघरातली फॉइल दुहेरी घेतली की बारीक छिद्रांचा प्रश्न मिटतो, आणि 59.5 केईव्हीचा गॅमा तिला जुमानत नाही. अल्फासाठी मात्र ही युक्ती चालणार नाही, तिथे सगळा कक्षच काळोखी करावा लागतो.

टेबलाला धक्का लागला की काउंट

हा प्रकार वेगळा. पंखा लावला, दार आपटलं, कुणी टेबलावर वही ठेवली, की काउंट. कारण असं: डायोडच्या बायसवर असलेली तार आणि जवळचा धातू यांच्यामध्येही एक लहान कपॅसिटी असते. काहीतरी हललं की ती बदलते, आणि बदल गुणिले व्होल्टेज एवढा चार्ज इनपुटला जातो. 30 व्होल्टवर कपॅसिटी फक्त 1 फेम्टोफॅरडने बदलली तरी 30 फेम्टोकुलोम. आपला 59.5 केईव्हीचा खरा सिग्नल 2.6 आहे. कंपनं शेपरच्या मानाने मंद असतात म्हणून यातलं बरंच गाळलं जातं, तरी उरतं ते पुरेसं असतं.

फॉइलची खिडकी ढोलाच्या कातड्यासारखी ताणून चिकटवा, सैल नको. फॉइल ग्राउंडला पक्की जोडा. डायोडच्या पायांची लांबी कमी करा, तारा लोंबकळत ठेवू नका. बायसच्या जोडणीत एक्स-सेव्हन-आर जातीचा सिरॅमिक कपॅसिटर असेल तर तो पिझोसारखा वागतो, ठोकला की पल्स देतो. त्या जागी फिल्म किंवा सी-झीरो-जी लावा. जास्त कपॅसिटीचा सी-झीरो-जी महाग पडतो, पण कपलिंगला 1 ते 10 नॅनोफॅरड पुरतात आणि तेवढा सहज मिळतो.

विजेच्या लाइनवरून येणारा त्रास

डायोडच्या जागी कपॅसिटर लावूनही काउंट येत राहिले तर इथे पाहा. काउंटच्या वेळा नोंदवता येत असतील तर लागोपाठच्या दोन काउंटमधल्या अंतरांचा हिस्टोग्राम काढा. किरणोत्सारातले काउंट यादृच्छिक असतात, अंतरांचा आलेख गुळगुळीत उतरत जातो. लाइनचा त्रास असेल तर 10 किंवा 20 मिलिसेकंदांच्या पटीत सुळके उभे राहतात. असा आलेख एकदा पाहिला की वाद उरत नाही.

बॅटरीवर चालवून बघा. प्रीॲम्प, शेपर, बायस सगळं बॅटरीवर, लॅपटॉपचा चार्जरही काढून. काउंट थांबले तर एकेक वस्तू परत जोडत जा. बहुधा दोषी ठरतो तो स्विचिंग ॲडॉप्टर, नाहीतर एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर. वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागला की काउंट वाढत असतील तर तोही. डब्याचा धातू सर्किटच्या ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडा, ते ठिकाण प्रीॲम्पच्या इनपुटजवळ. डायोडच्या बायसचा परतीचा मार्गही तिथेच आणा. ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांचा बंद फेरा) तोडण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. जीव जाऊ शकतो, आणि लूप तोडायचा असेल तर सिग्नलच्या बाजूला आयसोलेटर लावून तोडता येतो.

एफईटी

डायोड नसतानाही नॉइज जास्त, लाइनचा त्रास नाही, रेझिस्टर धुतलेला, तर पहिला जेएफईटी संशयित. तो बहुधा बायस झटक्यात दिल्यामुळे जखमी होतो: 70 व्होल्टची उडी कपलिंग कपॅसिटरमधून थेट गेटवर जाते. पूर्ण मेला तर लगेच कळतं. अर्धवट जखमी झाला तर गेटचा लीकेज वाढतो आणि तो डायोडच्या लीकेजसारखाच दिसतो. बायस नेहमी सावकाश चढवा आणि सावकाश उतरवा. व्हॅक्यूम कक्षात अल्फा मोजत असाल तर हवा काढत असताना किंवा सोडत असताना बायस बंदच ठेवा, मधल्या दाबाला ठिणगी पडते.

जुन्या सर्किटांमध्ये बीएफ-862 असतो. फार कमी नॉइजचा, सुरेख एफईटी. पण त्याचं उत्पादन बंद झालं आहे आणि बाजारात त्या नावाने भलतंच काही विकलं जातं. बदलल्यावर नॉइज आधीपेक्षा वाढला तर आपल्या सोल्डरिंगवर शंका घेण्याआधी भाग अस्सल आहे का ते पाहा.

डायोड खरंच गेलाय, हे कधी म्हणायचं

बोर्ड धुतलेला, कोरडा, काळोखात, बायस योग्य, आणि तरीही लीकेज 25 डिग्रीला आधीच्या नोंदीपेक्षा अनेकपट आहे, हेअर ड्रायरने तो वाढतो. मग दोष सिलिकॉनच्या पोटात आहे. न्यूट्रॉन सोर्सजवळ वापरलेल्या डायोडचं हे नेहमीचं भवितव्य. न्यूट्रॉनमुळे स्फटिकातले अणू जागेवरून हलतात आणि प्रत्येक दोष करंट निर्माण करतो. वाढ सरळ प्रमाणात असते: प्रति चौरस सेंटिमीटर 10 अब्ज, 1 एमईव्हीच्या तोडीचे न्यूट्रॉन पडले तर 1 चौरस सेंटिमीटर, 300 मायक्रॉनच्या डायोडमध्ये 20 डिग्रीला सुमारे 12 नॅनोअँपिअरची भर. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाच्या प्रीशॉवर भागासाठी 32 पट्ट्यांचे सिलिकॉन सेन्सर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) पुढाकाराने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनले. तसे सेन्सर तिथे थंड ठेवून चालवतात ते याच वाढत्या लीकेजला आवर घालायला.

कधीकधी डायोड एका विशिष्ट व्होल्टेजच्या वरच तडतडतो, काउंट झुंडीने येतात आणि मध्ये शांतता असते. बायस वीस टक्के उतरवून पाहा. तडतड थांबली तर त्या व्होल्टेजवरच चालवा, कपॅसिटी किंचित वाढेल तेवढं सोसा.

दुरुस्ती झाल्यावर थ्रेशोल्ड नव्याने बसवायचा आहे, जुन्या स्क्रूच्या खुणेवर नाही. 1 पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून 2.6 मिलिव्होल्टची पायरी इनपुटला दिली की 59.5 केईव्हीइतका चार्ज जातो. सोर्स बाहेर काढायचीही गरज नाही. त्या प्रमाणात शेपरच्या आउटपुटचे मिलिव्होल्ट केईव्हीत बदला आणि वर्षातल्या सगळ्यात गरम दुपारचा नॉइज धरून थ्रेशोल्ड त्याच्या साडेपाच-सहापट ठेवा. हा आकडा कामासाठी फार वर जात असेल तर लीकेज अजून कमी करायला हवा. रात्रभर सोर्सशिवाय चालवून बघा. डब्याच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा: तारीख, खोलीचं तापमान, बायस, लीकेज, आरएमएस नॉइज. पुढच्या जूनमध्ये काउंट चढले तर तुलनेला हाताशी काहीतरी असेल.

आणि नवीन बीपीडब्ल्यू-34 मागवायचेच असतील तर एकाऐवजी आठ-दहा मागवा, किंमत फार नाही. 2 नॅनोअँपिअरचा आणि 30 चा, दोन्ही त्याच नावाखाली येतात. सगळे एकाच तापमानाला, अंधारात मोजा, सगळ्यात कमी लीकेजचे दोन निवडा. एक लावा, दुसरा मोजलेला आकडा लिहून पुडीत ठेवा.